दाब उतरताना: खडकभंजन चाचणीचा इतिहास आणि तापीचे खोरे

जमिनीखालच्या खडकात खोलवर थोडे पाणी दाबाने भरायचे, खडकाला बारीकशी भेग पडू द्यायची, पंप बंद करायचा आणि मग दाब कसा उतरत जातो ते पाहत राहायचे, एवढेच खडकभंजन चाचणीचे स्वरूप आहे. पाणी काही हजार लिटर पुरते, पंप काही मिनिटेच चालतो. निरीक्षण मात्र काही तास, काही दिवस आणि खडक फारच घट्ट असेल तर काही आठवडे चालू ठेवावे लागते. नैसर्गिक वायू ज्या खडकात साठलेला असतो, त्या खडकातला मूळचा दाब किती, त्यातून वायू किती सहज वाहील आणि खडक कोणत्या ताणाखाली आवळलेला आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या उतरत्या दाबाच्या आलेखात असतात. खडक फोडणे हे या चाचणीतले कमी महत्त्वाचे काम आहे. महत्त्वाचे ते सारे पंप थांबल्यानंतर घडते.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी आणि तिच्या आसपासचा प्रदेश उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्या मध्ये वसलेला आहे. केळी, ऊस, पपई आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात वायूची विहीर नाही. तरीही वायूच्या शोधाशी या भूमीचा संबंध जवळचा आहे, आणि तो एका रस्त्यावरून दाखवता येतो. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा पश्चिमेकडे जातो. त्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडले. त्याआधी १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे तेल आणि वायूचा पहिला पुरावा हाती आला होता. खंभातच्या या खोऱ्यात वायू आणि तेल धरून ठेवणारे गाळाचे खडक वर आहेत आणि त्यांच्या तळाशी दख्खनचा काळा पाषाण आहे. पूर्वेकडे निघाले की हाच पाषाण वर येत येत उघडा पडतो आणि नंदुरबारमध्ये तोच डोंगर, पठार आणि नदीचा तळ होतो. अंकलेश्वरला जो खडक तळाची फरशी आहे, तो शहाद्याकडे छप्पर झालेला आहे. मग त्या छपराखाली काय आहे, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना पडणे साहजिकच होते. तापीच्या नावाचा वायू तर प्रत्यक्षात निघालाही, पण तो समुद्रात. सुरतेच्या समोरच्या पाण्यातील मध्य आणि दक्षिण ताप्ती क्षेत्रांसाठी १९९४ च्या डिसेंबरात करार झाला आणि पुढे २०१६ पर्यंत तेथून वायू काढला गेला.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरला. त्याचे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्यांनीच व्यापला आहे. लाव्हा पसरण्यापूर्वी येथे नद्या होत्या, काही भागांत समुद्रही आत आलेला होता. त्या काळचा गाळ लाव्ह्याखाली गाडला गेला असेल, तर त्यात वायूही असू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे के. एल. कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थुवादरा–सेंधवा–सिंदाड या रेषेवर खोल भूकंपमापन केले. स्फोटांनी निर्माण केलेल्या लहरींचा वेग मोजून १९८० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान लाव्ह्याखाली जाड गाळाचे खडक आहेत. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच संस्थेने गुरुत्व, विद्युत-चुंबकीय आणि भूकंपलहरी अशा अनेक पद्धती एकत्र वापरून डेक्कन सिनेक्लाइज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाची पुन्हा पाहणी केली. केंद्र सरकारच्या परवाना फेऱ्यांमध्ये या प्रदेशातले गटही निघाले आणि जिओग्लोबल रिसोर्सेस या कंपनीला उत्तर महाराष्ट्रातले गट मिळाले. काम वायूच्या उत्पादनापर्यंत मात्र गेले नाही.

पाहणीतून खडकाची जाडी समजते, घनता समजते, पण त्यातून वायू वाहील का हे समजत नाही. लहरींच्या वेगावरून वालुकाश्म ओळखता येतो. त्या वालुकाश्माची छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत की खनिजांनी बुजलेली, हे विवर खणून त्यात चाचणी केल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. लाव्ह्याच्या भाराखाली आणि उष्णतेखाली कोट्यवधी वर्षे दबलेला गाळ घट्ट झालेला असण्याचीच शक्यता मोठी. आणि घट्ट खडक असला की नेहमीची चाचणी निरुपयोगी ठरते. चांगल्या वायुक्षेत्रात विहीर काही काळ वाहू देतात, मग बंद करतात आणि दाब पुन्हा कसा चढतो ते मोजतात. घट्ट खडकात विहीर वाहतच नाही, त्यामुळे दाब चढण्याचा प्रश्नच उरत नाही. या अडचणीतूनच खडकात बाहेरून द्रव भरून मोजमाप करण्याची पद्धत पुढे आली.

द्रव दाबाने भरून खडक फोडण्याच्या मूळ कल्पनेचा उगम मात्र मोजमापासाठी झालेला नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ह्यूगोटन नावाचे मोठे वायुक्षेत्र आहे. तेथील क्लेपर क्रमांक १ या विहिरीत १९४७ साली स्टॅनोलिंड कंपनीने दाट केलेले पेट्रोल दाबाने भरून चुनखडकाला भेगा पाडल्या. फ्लॉइड फॅरिस यांच्या अभ्यासातून हा प्रयोग निघाला होता. त्या विहिरीचे उत्पादन फारसे वाढले नाही, पण पद्धत टिकली. हॅलिबर्टन कंपनीने तिचा परवाना घेतला आणि मार्च १९४९ मध्ये ओक्लाहोमा आणि टेक्सास येथे ती व्यावसायिक स्वरूपात वापरली. या टप्प्यावर भेग हे वायूला वाट करून देण्याचे साधन होते. भेग पाडताना दिसणारा दाब हा पंपाच्या ताकदीचा हिशेब म्हणून नोंदवला जाई, खडकाविषयीची माहिती म्हणून नव्हे.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने मोलाचे आहे. त्या वर्षी एम. किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी भेगेची दिशा कशावर ठरते ते सिद्ध केले. जमिनीखालचा खडक तिन्ही दिशांनी दाबलेला असतो, पण सारख्या जोराने नव्हे. भेग ज्या दिशेला सर्वांत कमी ताण असेल, त्या दिशेला उघडते आणि तिचे पाते त्याच्या काटकोनात पसरते. त्याआधी बहुतेक अभियंत्यांचा समज असा होता की भेगा थरांच्या मधून आडव्या जातात. फार खोल नसलेल्या काही ठिकाणी तसे होतेही, पण खोलवर वरच्या खडकाचा भार सर्वांत मोठा असतो आणि त्यामुळे भेग बहुधा उभी पडते. त्याच वर्षी आर. डी. कार्टर यांनी भेगेतून द्रव आजूबाजूच्या खडकात कसा झिरपतो याचे सूत्र मांडले: झिरपण्याचा वेग काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. पहिल्या क्षणी भेगेच्या भिंती तहानलेल्या असतात, नंतर त्यांच्या जवळचा भाग भिजून झिरपणे मंदावते.

या दोन कल्पना एकत्र यायला दोन दशके लागली. अमोको कंपनीतील केनेथ नोल्टी यांनी १९७९ साली पंप थांबल्यानंतरच्या दाबाचे विश्लेषण मांडले. त्यांनी काळाला असे गणिती रूप दिले की झिरपणे कार्टर यांच्या सूत्राप्रमाणे चालले असेल, तर दाबाचा आलेख सरळ रेषेत उतरावा. या रूपाला जी-फलन म्हणतात. रेषा सरळ उतरत असेल तोवर भेग उघडी आहे. रेषा वाकली की भेगेच्या भिंती एकमेकींना टेकल्या असे धरायचे. त्या क्षणीचा दाब म्हणजे भेग मिटण्याचा दाब, आणि तोच खडकातल्या सर्वांत कमी ताणाइतका असतो. पंप थांबताच दिसणारा दाब आणि हा मिटण्याचा दाब यांच्यातल्या फरकावरून भेग किती सहज वाढेल याचाही अंदाज येतो.

रेषा सरळ येत नाही तेव्हा खरी माहिती मिळते. खडकात आधीपासून नैसर्गिक चिरा असतील, तर दाब चढलेला असताना त्याही उघडतात आणि पाणी त्यांतूनही निसटते. दाब एका मर्यादेखाली आला की त्या मिटतात आणि झिरपणे सावकाश होते. अशा वेळी आलेखाला सुरुवातीला फुगवटा दिसतो. भेग वरच्या-खालच्या थरांत घुसली असेल, तर आलेख उलट्या बाजूला खोल जातो. अमेरिकेत बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकारांचे वर्गीकरण केले आणि एकच आलेख न वाचता अनेक आलेख शेजारी ठेवून वाचण्याची शिस्त घातली. दख्खनच्या खडकाचा विचार करणाऱ्याला यातला नैसर्गिक चिरांचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा वाटेल, कारण येथे चिरा नसलेला खडक विरळाच.

भेग मिटल्यानंतरही निरीक्षण संपत नाही. उलट वायूच्या साठ्याविषयीची मुख्य माहिती त्यापुढेच मिळते. भेगेत भरलेला जादा दाब आता खडकात पसरत जातो. प्रथम तो भेगेच्या पात्याला लंब असा सरळ पसरतो आणि पुरेसा काळ गेला की सर्व बाजूंनी वर्तुळाकार पसरू लागतो. या दोन अवस्था आलेखावरच्या उतारांवरून ओळखता येतात. वर्तुळाकार अवस्था मिळाली तर आलेख अनंत काळापर्यंत लांबवून खडकाचा मूळ दाब वाचता येतो, आणि उताराच्या तीव्रतेवरून पारगम्यता, म्हणजे खडकातून वायू किंवा पाणी किती सहज वाहते ते, काढता येते. १९९० च्या दशकात मेयरहोफर, इकॉनोमिडीस आणि स्वतः नोल्टी यांनी या भागाचे गणित पक्के केले. ०.१ मिलिडार्सीपेक्षा कमी पारगम्यतेच्या घट्ट वायुखडकात वर्तुळाकार अवस्थेची वाट पाहणे हाच खर्च असतो. भरलेले पाणी जितके जास्त, तितकी भेग मोठी आणि प्रतीक्षा लांब. म्हणून चाचणीत पाणी मुद्दाम थोडे वापरतात आणि भेग उघडी ठेवणारी वाळू घालत नाहीत.

या विश्लेषणावर वादही झाले आहेत. २०१६ साली मार्क मॅक्ल्युअर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भेगेच्या भिंती खडबडीत असल्याने त्या एकदम मिटत नाहीत. उंचवटे आधी टेकतात आणि भेगेचा ताठपणा वाढतो. जुन्या पद्धतीने वाचलेला मिटण्याचा दाब त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. हा वाद केवळ विद्वानांचा नाही. सर्वांत कमी ताणाचा आकडा चुकला, तर पुढच्या प्रत्येक विहिरीतल्या भेगांचे आरेखन चुकते.

भारतात ही चाचणी दगडी कोळशातल्या वायूच्या कामात वेगळ्या रूपाने आली. कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो आणि थराला स्वतःच्याच बारीक चिरा असतात. तेथे पाणी भरताना भेग पडू नये अशी काळजी घेतात, म्हणजे दाब मिटण्याच्या दाबाखालीच ठेवतात आणि पारगम्यता मोजतात. महाराष्ट्रात वर्धा खोऱ्यातला गट यासाठी ओएनजीसीला मिळाला होता, पण तो पुढे सोडण्यात आला. शेल खडकातील वायूचा देशातला पहिला प्रवाह २५ जानेवारी २०११ रोजी दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या विहिरीतून मिळाला. शेलच्या बाबतीत खडकभंजन हे चाचणी आणि उत्पादन या दोन्हींसाठी अपरिहार्य असते.

महाराष्ट्रात मात्र भेग पाडून दाब वाचण्याचे काम वायूपेक्षा भूकंपाच्या निमित्ताने झाले. १९६० च्या दशकाच्या शेवटी बेझालेल हैमसन आणि चार्ल्स फेअरहर्स्ट यांनी हीच पद्धत खडकातला ताण मोजण्याची पद्धत म्हणून मांडली होती. विवराचा एक छोटा भाग वर-खाली रबरी पॅकर फुगवून बंद करायचा, त्यात पाणी भरून भेग पाडायची आणि मिटण्याच्या दाबावरून ताण काढायचा. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या गौड, श्रीराम राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात हे काम सुरू केले. १९९२ साली गौड, श्रीराम राव आणि विनोद गौर यांनी भारतीय उपखंडाचा ताण-नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार देशाच्या मध्यभागात आडवा कमाल ताण उत्तर-ईशान्य दिशेला आहे, म्हणजे भारताचा भूखंड आशियाला ज्या दिशेने ढकलतो आहे साधारण त्याच दिशेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेण्यात आले आणि तेथेही खडकभंजनाने ताण मोजला गेला.

किल्लारीच्या विवराने आणखी एक गोष्ट उघड केली. तेथे लाव्हा ३३८ मीटर जाड निघाला, त्याखाली फक्त ८ मीटर गाळ आणि लगेच प्राचीन खडक. कोयनेच्या परिसरात, जेथे १९६७ च्या डिसेंबरात मोठा भूकंप झाला होता, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर खणले. तेथे लाव्ह्याची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली आणि त्याखाली गाळ न लागता थेट ग्रॅनाइट लागला. मराठवाड्यात थोडासा, सह्याद्रीत अजिबात नाही, आणि तापी–नर्मदेच्या मध्ये जाड, असा लाव्ह्याखालच्या गाळाचा हिशेब आहे. वायूच्या दृष्टीने महाराष्ट्रात पाहण्याजोगी जागा हीच का, ते या आकड्यांवरून दिसते.

नंदुरबारच्या भूमीवर खडकभंजनाचा एक फार जुना पुरावा उघड्यावर उभा आहे. लाव्हा वर येताना त्याने खडक फाडून ज्या उभ्या भेगा भरल्या, त्या थिजून काळ्या भिंतींसारख्या झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत त्यांचे दाट जाळे आहे. रंजिनी राय, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी २००७ साली अशा २१० डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मऊ खडक झिजून गेला आणि डाइक तशाच राहिल्या, म्हणून कित्येक ठिकाणी त्या मैलोन्‌मैल चालणाऱ्या अरुंद टेकड्यांसारख्या दिसतात. बहुतेकींची दिशा पूर्व-पश्चिम आहे. हबर्ट आणि विलिस यांचा नियम लावला, तर त्या काळी येथे सर्वांत कमी ताण उत्तर-दक्षिण होता आणि भूमी त्याच दिशेने ताणली जात होती, असे निघते. आजचा ताण-नकाशा नेमके उलटे सांगतो: आता उत्तर-ईशान्य दिशेने दाब आहे. या भागात खोलवर आज भेग पाडली तर ती जुन्या डाइकांना समांतर न जाता त्यांना छेदत जाण्याची शक्यता अधिक. वायूची विहीर आखणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा, कारण डाइक अनेकदा भूमिगत द्रवाला अडवणाऱ्या भिंतीचे काम करते.

शेतकऱ्याच्या ओळखीचे खडकभंजन मात्र पाण्यासाठीचे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि राज्यभर विंधन विहिरी आणि हातपंपांचे काम वाढले. काळ्या पाषाणात बोअरला पाणी लागणे हे चिरांवर अवलंबून असते. मांजऱ्या किंवा मुरमाचा थर लागला तर पाणी मिळते, आणि चिरा बुजलेल्या असतील तर दोन हात अंतरावर पाणी असूनही बोअर कोरडी राहते. अशा बोअरमध्ये पॅकर बसवून जोराच्या दाबाने पाणी सोडायचे आणि बुजलेल्या चिरा मोकळ्या करायच्या, या कामाला यंत्रणेत जलभंजन म्हणतात. बोअर ब्लास्टिंग, जॅकेट वेल यांसारख्या उपायांबरोबरच ते वापरले जाते. तत्त्व तेच, पण जलभंजनात लक्ष चिरा उघडण्यावर असते, पंप थांबल्यानंतरच्या दाबावर नव्हे. ही नोंद ठेवणे फार महाग नाही. एक दाबमापक आणि काही तासांची सवड मिळाली, तर त्याच बोअरमधून त्या गावाच्या खडकातला ताण आणि चिरांचे वर्तन कळू शकते. उथळ खडकाचा ताण खोलवरच्या ताणासारखा असेलच असे नाही, हे खरे. तरी आज या भागाविषयी जितकी थोडी मोजमापे आहेत, त्या तुलनेत ती माहिती मौल्यवानच ठरेल.

तापीच्या काठची जागा या चाचणीसाठी सोपी नाही. नदीजवळ आणि सातपुड्याच्या पायथ्याला वाळू, चिकणमाती आणि दगडगोटे यांची जाड गाळमाती आहे. ती सैल असल्याने तिला खऱ्या अर्थाने भेग पडत नाही, पाणी नुसते मुरते. चाचणी गाळमाती आणि लाव्हा दोन्ही ओलांडून खालच्या खडकात करावी लागेल आणि वरचा भाग पोलादी नळी व सिमेंटने बंद करावा लागेल. दुसरी अडचण भूजल खोल गेल्याची आहे. विवरातल्या पाण्याचा स्तंभ खडकातल्या दाबापेक्षा जड झाला की पंप थांबल्यावर पाणी आपणहून खाली सरकते, जमिनीवरचे दाबमापक शून्य दाखवते आणि उतरता आलेख अर्ध्यावरच तुटतो. त्यामुळे दाबमापक विवराच्या तळाशी ठेवावे लागते. तिसरी अडचण उष्णतेची आहे. शहादा तालुक्यात उनपदेव येथे उष्ण पाण्याचा झरा आहे, म्हणजे खोलवरची उष्णता चिरांतून वर येते आहे. थंड पाणी गरम खडकात भरले की ते तापून फुगते आणि दाब उतरण्याऐवजी काही काळ थबकतो. आठवडाभराच्या चाचणीत हा परिणाम पारगम्यतेच्या परिणामात मिसळू शकतो, म्हणून तापमानाची नोंद दाबाच्या नोंदीबरोबर सलग ठेवावी लागते आणि विश्लेषणात तिची वजावट करावी लागते.